माप

बांबोळीच्या डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली
आणि पेनाच्या टोपणाने एक ठिपका दाखवला.
वाटाण्याएवढा, म्हणाला.
फेरीत बसून दिवाडीला परतलो
तर सगळी मांडवी वाटाण्यांनी भरलेली.

रात्री तीनला जाग येते.
बायको घोरते, पंखा एका पात्यात अडखळतो,
आणि मी उताणा पडून
न घेतलेल्या श्वासाचा सराव करतो.
लहानपणी न्हाव्याच्या दुकानात एक चित्र होतं:
तेलाच्या कढया, करवतीने चिरलेली माणसं,
शिंगवाले नोकर, बाजूला वहीवाला मुनीम.
पन्नास वर्षं मी ते विसरलो होतो.
चित्राला मात्र माझा पत्ता पाठ.

कायतान माझ्या वर्गातला. पेट्या करतो,
मेलेल्यांच्या. फणसाची महाग, आंब्याची स्वस्त.
रिपोर्ट सांगितला तेव्हा त्याची नजर
माझ्या डोक्यापासून चपलेपर्यंत सर्रकन गेली, सवयीने.
"पाच फूट सहा," पुटपुटला, आणि जीभ चावली.
मग दोघंही हसलो, जरा जास्तच वेळ.
"तुला काय उपयोग," मी म्हटलं,
"तुमचं लाकूड जोडून, आमचं फोडून."

मे महिन्यात त्याने बोलावलं.
एर्मेलीनाची जागा रिकामी करायची होती.
बेट लहान, सिमितेर त्याहून लहान;
तीन-चार वर्षं झाली की माती भाडेकरू बदलते.
मला वाटायचं, निदान त्यांचं तरी कायमचं असतं.

जुझे कंबरेएवढ्या खड्ड्यात, विडी कानावर.
मी तोंडाला रुमाल लावून, पळायच्या बेतात.
वास आला तो फक्त मातीचा.
आधी निघाला प्लास्टिकचा कंगवा.
मग नायलॉनचे मोजे, जसेच्या तसे,
आत पावलांची बारीक हाडं, खुळखुळणारी.
मग मांडीच्या हाडाला घट्ट धरून बसलेली
स्टीलची पट्टी, सहा स्क्रू, लखलखीत:
न्हाणीत पडली तेव्हा म्हापशाला बसवलेली.
"पंचेचाळीस हजार," कायतान म्हणाला,
"बघ, अजून गॅरंटीत आहे."
आणि मातीच्या ढिगावर बसून रडला.
जुझे पलीकडे बघत विडी पेटवत राहिला.

एकेक हाड त्याने ओल्या फडक्याने पुसलं,
नाताळच्या आधी ती काचेची भांडी पुसायची तसं.
पांढऱ्या कापडात गाठोडं बांधलं.
भिंतीतल्या कप्प्याची चावी सापडेना,
म्हणून ते माझ्याकडे दिलं.
खाली ठेवायला जागा होती. मी धरूनच उभा राहिलो.
पोदेराकडून सकाळी आणतो त्या पिशवीएवढं वजन.
ऊन लागून गाठोडं हळूहळू गरम झालं.

"सायबा, पुढे काही आहे का रे?" मी विचारलं.
"पाद्री म्हणतो आहे.
तुझा भट म्हणतो, फिरून इथेच ये."
खिसे चाचपत राहिला.
"एर्मेलीनाला गप्प बसवायचं नाही, तुला ठाऊक आहे.
काही असतं तर तिने सांगितलं असतं.
की तिथे इतकं बरं आहे
की आमची आठवणच येत नाही, कोण जाणे."
चावी माझ्याच खिशात निघाली.
सकाळी त्यानेच दिली होती.

संध्याकाळी त्याच्या पडवीत, भुशात पाय, हुर्राकचे ग्लास.
"घे," मी म्हटलं. "टेपने नीट माप घे."
"तुला पिसें लागलंय, सगुणा."
"घे रे."
दोन स्टुलांवरच्या फळीवर आडवा झालो.
वर वाशाला पाल, खांद्याखाली खिळ्याचं टोक.
टेप टाचेपासून टाळूपर्यंत सरकली, थंड.
"पाच फूट पाच." त्याने पुन्हा मोजलं.
"पाचच. एक इंच गेला की तुझा."

कधी गेला?
कदंबच्या कुठल्या बसमध्ये, तिकिटं फाडताना,
कुठल्या जेवणानंतर, कुणाच्या हाकेला ओ देत
गुपचूप उतरला तो?
दुखलं नाही. मला कळलंसुद्धा नाही.
उठताना खिळ्याने शर्ट फाडला.

रात्री तीनला जाग आली.
पंखा अडखळला.
मी त्या इंचाला विचारलं,
काय रे, कसं आहे तिकडे?
बायको कुशीवर वळली.
"कुणाशी बोलताय?"